मेंढरांवर अभ्यास करायचाय? पुण्यातून सुरुवात अशी करा

पावसाळा तोंडावर आला की पुण्यात नवी मुलंमुली विचारत येतात, शेळ्या-मेंढ्यांच्या रोगांवर काम करायचंय, कुठून सुरू करू? कुणी पशुवैद्यकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला असतं, कुणी जीवशास्त्र शिकलेलं, कुणी ग्रामीण भागात काम करणाऱ्या संस्थेत नुकतं लागलेलं. बहुतेकांच्या डोक्यात विषय आधीच दोन कप्प्यांत पडलेला असतो, एकात रोग आणि दुसऱ्यात आहार. कप्पे विद्यापीठांनी केलेत, मेंढीने नाही. गोठ्यातल्या गाईला काय घातलं ते तरी वहीत सापडतं. चरणारी मेंढी दिवसभरात काय खाते हे मालकालाही अंदाजानेच सांगता येतं, आणि जंत तिला मिळतात ते त्याच गवतातून. म्हणून पहिल्या दिवसापासून रोगाची आणि चाऱ्याची नोंद एकाच वहीत, एकाच भेटीत, त्याच जनावराच्या नावापुढे करायची. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच सवयीसाठी आहेत.

पुण्याला या कामाचं वावडं नाही. देशातली इम्पिरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी १८८९ साली इथेच सुरू झाली, १८९३ मध्ये कुमाऊंतल्या मुक्तेश्वरला हलली आणि पुढे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. आज औंधला पशुसंवर्धन आयुक्तालय, रोग अन्वेषण विभागाची प्रयोगशाळा आणि राज्य सरकारची लस निर्मिती संस्था आहे. मेंढी व शेळी विकास महामंडळाचं मुख्यालय गोखलेनगरला आहे. उरुळी कांचनला पशुधन विकासाचं काम करणारी बाएफ ही संस्था, खंबाटकी घाट लागायच्या आत शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि पुढे फलटणला दख्खनी मेंढीवर अनेक वर्षं काम करणारी निंबकर कृषी संशोधन संस्था. यातल्या कुणाच्या तरी छत्राखाली काम सुरू करा. एकट्याने नमुन्यांची पेटी घेऊन माळावर जाण्यात शौर्य काही नाही.

आधी प्रश्न लहान करा

‘पुणे जिल्ह्यातील मेंढ्यांचे आरोग्य’ हा विषय होऊ शकत नाही. ‘इंदापूर तालुक्यातल्या कळपांत व्यायच्या सुमारास जंतांची अंडी किती वाढतात आणि त्या वेळी मेंढी किती खंगलेली असते’ हा होऊ शकतो. प्रश्न इतका नेमका असावा की वहीत कोणते रकाने आखायचे ते लगेच कळावं.

जिल्ह्याचा भूगोल इथे फार कामी येतो. पश्चिमेला मुळशी-मावळात पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात, तर पूर्वेला बारामती, इंदापूर, दौंडकडे तो साधारण ५०० च्या आसपास. दोन-तीन तासांच्या अंतरात पाणथळ आणि कोरडवाहू अशी दोन्ही कुरणं मिळतात. यकृतकृमीला मधला यजमान म्हणून पाण्यातली गोगलगाय लागते, म्हणून तो पाणथळीत शोधा. कोरड्या माळावर प्रश्न वेगळे आहेत.

कॅलेंडर मेंढरांचं धरा, विद्यापीठाचं नाही

नव्या माणसाचा अभ्यास बहुधा इथेच अडकतो. प्रबंधाचा आराखडा मंजूर होतो हिवाळ्यात, आणि तोवर मेंढपाळांचे वाडे, म्हणजे बिऱ्हाडासकट कळपांचे तळ, घाट उतरून कोकणात गेलेले असतात. दसरा-दिवाळीनंतर जायचं आणि पावसाआधी परतायचं, हा त्यांचा जुना क्रम. वाटेत शेतात मेंढ्या बसवायच्या, लेंड्यांचं खत शेतकऱ्याला आणि धान्य किंवा पैसे मेंढपाळाला. तुम्हाला तोच कळप वर्षभर तपासायचा असेल तर वाट आधी विचारून घ्या. कोणत्या महिन्यात कुठे मुक्काम, कोणता घाट, कुणाच्या रानात.

रोगांचंही कॅलेंडर असतं. मृगाचा पाऊस पडून कोवळं गवत वर आलं की आंत्रविषार डोकं काढतो. याचा जिवाणू, क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स, निरोगी आतड्यातही थोड्या प्रमाणात असतोच. एकदम भरपूर सकस खाणं मिळालं की तो झपाट्याने वाढतो आणि विष सोडतो. म्हणून कळपातलं सगळ्यात गुबगुबीत कोकरूच सकाळी मेलेलं सापडतं. आता हा रोग संसर्गाच्या कप्प्यात टाकाल की आहाराच्या? लस मे महिन्यात, पावसाआधी द्यायची. पहिल्यांदाच देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो.

ऑगस्ट-सप्टेंबर हे गोल जंतांचे महिने. पावसाच्या अखेरीपासून थंडी पडेपर्यंत डंख करणारे बारीक क्युलिकॉइडिस माश्यांचे थवे वाढतात आणि त्यांच्याबरोबर निळी जीभ हा रोग येतो. भारतात त्याची पहिली नोंद १९६४ मध्ये महाराष्ट्रातल्याच मेंढ्यांत झाली होती. उन्हाळ्यात लेंड्यांतल्या जंतांच्या अंड्यांची संख्या घसरते, पण त्याच वेळी चाराही संपलेला असतो. अंडी कमी दिसली म्हणून कळप बरा आहे असं लिहू नका.

परवानग्या आणि ओळखी

संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी, मालकाची मराठीत लिहिलेली आणि वाचून दाखवलेली संमती, तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना पत्र. रक्त नोंदणीकृत पशुवैद्यकानेच काढायचं. यावर जास्त लिहीत नाही, मार्गदर्शक सांगतीलच.

ओळखीचं मात्र सांगायला हवं. वाड्यावर पहिल्यांदा सिरिंज घेऊन जाऊ नका. एकदा नुसतं जा, चहा घ्या, मेंढरं मोजू नका. कुणाच्या खांडातली मेंढरं मोठ्याने मोजणं पुष्कळ ठिकाणी आवडत नाही. मोठ्या माणसाला ‘मामा’ किंवा ‘आबा’ म्हणा, आणि घरातल्या बायकांशी बोलल्याशिवाय परतू नका. कोकरं, करडं आणि आजारी जनावरं वाड्यावर थांबतात, ती त्याच सांभाळतात. कोणतं कोकरू कधी हगायला लागलं हे रानात गेलेल्या मामांपेक्षा मावशींना जास्त नेमकं माहीत असतं. ‘गेल्या आठ दिवसांत काय बदललं?’ हा प्रश्न दोघांनाही वेगवेगळा विचारा.

किती कळप, किती जनावरं

एक ढोबळ हिशेब पाठ करून ठेवा. साठ जनावरं तपासली आणि एकही बाधित निघालं नाही, तर त्या समूहात रोगाचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत आहे असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. तीस तपासली तर १० टक्क्यांच्या आत. पण हे साठ एकाच कळपातले घेतले तर तुम्हाला फक्त त्या कळपाचं कळतं. एका कळपातली मेंढरं एकच गवत खातात, एकच पाणी पितात, एकाच्या खोकल्याने दुसरं आजारी पडतं. तालुक्याबद्दल बोलायचं असेल तर दहा कळपांतली सहा-सहा बरी. तेव्हाही मेंढरं कळपागणिक सारखी असतात हे हिशेबात धरावं लागतं, ते संख्याशास्त्राच्या माणसाला आधीच विचारा. शेवटी विचारलं तर तो फक्त हळहळतो.

चाकणच्या किंवा लोणंदच्या बाजारात एका सकाळी शेकडो जनावरं भेटतात आणि मोह होतो. पण विकायला आणलेलं जनावर कळपाचं प्रतिनिधी नसतं. खंगलेलं, गाभडलेलं, खोकणारं आधी बाजारात येतं. बाजार रोग कसा पसरतो हे शोधायला चांगला, प्रमाण काढायला वाईट.

सकाळी वाड्यावर: आधी हात, मग सुई

मेंढरं नऊ-दहाच्या सुमारास रानात निघतात. दवात चारू नये हे जाणते मेंढपाळ सांगतातच, आणि त्यात तथ्य आहे. जंतांच्या अळ्या ओलसर पात्यांवर चढून बसतात. तुम्हाला त्याआधी पोचायचंय, म्हणजे पुण्यातून पहाटेच निघावं लागेल.

प्रत्येक जनावरावर चार गोष्टी बघा. कानातला बारा अंकी बिल्ला, नसेल तर रंगाची खूण. वय कळायला दात: आदत, दोनदाती, चौदाती, सहादाती की जुळलेली. मग पाठ: शेवटच्या बरगडीच्या मागे कण्यावर बोटं दाबून हाडांची टोकं किती टोचतात ते पाहायचं आणि १ ते ५ मध्ये गुण द्यायचे. १ म्हणजे हाडं-कातडं, ५ म्हणजे चरबीत बुडालेली. लोकरीमुळे दख्खनी मेंढी नुसत्या नजरेला फसवते, त्यामुळे हात लावल्याशिवाय गुण देऊ नका. आणि हे गुण शक्यतो एकाच माणसाने द्यावेत.

चौथी गोष्ट डोळ्याची. खालची पापणी उलटी करून आतला रंग ‘फामाचा’ तक्त्याशी ताडून पाहायचा. ही पद्धत दक्षिण आफ्रिकेतली. १ म्हणजे लालभडक, ५ म्हणजे पांढरीफटक. ४ आणि ५ ला जंतांचं औषध द्यायचं, कोकरू किंवा गाभण मेंढी असेल तर ३ लाही. मूळ तक्ता वापरा. मोबाइलवरच्या फोटोत लाल रंग प्रत्येक फोनवर वेगळा दिसतो.

पांढऱ्या पापणीमागे बहुधा हिमोंकस हा रक्तपिपासू जंत असतो. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त संपवतो. पोटात हजार असतील तर रोज ५० मिलिलिटर गेलं. तीस किलोच्या मेंढीच्या अंगात रक्त जेमतेम दोन लिटर, म्हणजे दर दिवशी चाळिसावा हिस्सा. हे रक्त परत बनवायला प्रथिनं आणि लोह लागतं, आणि ते चाऱ्यातूनच यावं लागतं. धड खायला मिळालेली मेंढी तेवढेच जंत अंगावर काढते, उपाशी मेंढी त्याच जंतांनी बसते. व्यायच्या आधी-नंतरचे काही आठवडे तर आणखी नाजूक. गर्भाची बरीचशी वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते, मग दूध सुरू होतं, प्रथिनं तिकडे वळतात, जंतांशी झुंजायची ताकद घटते आणि लेंड्यांतली अंडी एकदम वाढतात. त्या काळात प्रथिनयुक्त खुराक दिला तर अंडी कमी पडतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणून अंड्यांच्या आकड्याशेजारी पाठीचे गुण आणि विण्याची तारीख नसेल तर तो आकडा अर्धाच आहे.

मात्र पापणी पांढरी म्हणजे हिमोंकसच, असंही धरून चालू नका. यकृतकृमी, गोचिडांचा भार, गोचिडांतून येणारे रक्तातले परजीवी, नुसती उपासमार, यातलं काहीही असू शकतं. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबत असेल आणि हगवण नसेल, तर हिमोंकसचा संशय बळकट होतो.

लेंड्या

जमिनीवरच्या उचलू नका, थेट गुदद्वारातून हातमोजा घालून घ्या. पिशवीतली हवा काढून गाठ मारा, वर जनावराचा क्रमांक आणि तारीख लिहा. बर्फाच्या पेटीत ठेवा, पण गोठवू नका. उन्हाळी दुपारी गाडीच्या डिकीत राहिल्या तर अंडी उबून अळ्या निघतात आणि मोजायला काही उरत नाही. एक अपवाद आहे. अळ्या वाढवून जंताची जात ओळखायची असेल तर तो भाग फ्रिजमध्ये ठेवू नका, हिमोंकसच्या अंड्यांना थंडी सोसत नाही. म्हणजे एकाच नमुन्याचे दोन वाटे करावे लागतात.

मोजणी मॅकमास्टर पेटीत, म्हणजे चौकटी आखलेल्या दोन कप्प्यांच्या काचपट्टीत होते. तीन ग्रॅम लेंड्या ४२ मिलिलिटर संपृक्त मिठाच्या पाण्यात कुस्करा, चहाच्या गाळणीतून गाळा, पेटीचे दोन्ही कप्पे भरा आणि पाच मिनिटं थांबा. अंडी वर तरंगतात. दोन्ही कप्प्यांतल्या चौकटींत दिसलेली अंडी मोजून ५० ने गुणा. आठ दिसली तर ग्रॅमला ४००. यकृतकृमीची अंडी जड असतात, ती मिठाच्या पाण्यात तरंगत नाहीत. त्यासाठी तळाशी बसवायची वेगळी पद्धत आहे.

औषध लागू पडतंय का हेही याच पेटीत कळतं. वजन करून डोस द्या, अंदाजाने नको. त्या दिवशीची आणि चौदा दिवसांनंतरची अंडी ताडून पाहा. घट ९५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर जंत औषधाला सरावल्याचा संशय घ्या. अल्बेंडाझोल-फेनबेंडाझोलच्या गटाला न जुमानणारे जंत भारतात नोंदले गेलेले आहेत, आणि दर दोन महिन्यांनी सगळ्या कळपाला सरसकट औषध पाजणं हा ते वाढवायचा हमखास मार्ग आहे.

रक्त

लाल टोपीची नळी रक्तद्रवासाठी, म्हणजे सीरमसाठी, आणि जांभळी ईडीटीएची (रक्त गोठू न देणारं रसायन) नळी अखंड रक्तासाठी. मानेच्या शिरेतून घ्या, प्रत्येक जनावराला नवी सुई. लाल नळी हलवू नका, तिरकी उभी ठेवा. जांभळी हळूच उलटसुलट करा. रक्तद्रव वेगळा करून उणे २० अंशांवर ठेवायचा. निळ्या जिभेचा विषाणू शोधायचा असेल तर जांभळ्या नळीतलं रक्त ४ अंशांवर ठेवा, गोठवलं की काम संपलं.

प्रतिद्रव्यं (अँटिबॉडी) तपासायच्या आधी लसीचा इतिहास विचारा. शेळ्यांची बुळकांडी, म्हणजे पीपीआर, भारतात पहिल्यांदा १९८७ मध्ये तमिळनाडूत आढळली. तिची लस चांगली आहे, पण नेहमीच्या चाचणीत लसीमुळे तयार झालेली प्रतिद्रव्यं आणि रोगामुळे झालेली वेगळी ओळखता येत नाहीत. लस टोचलेल्या कळपाचं रक्त तपासून ‘७० टक्के बाधित’ लिहिलेला प्रबंध परीक्षकांसमोर टिकत नाही.

मग कळपामागून चाला

हा भाग बहुतेक जण टाळतात, कारण ऊन लागतं. एक मेंढी निवडा आणि दर पंधरा मिनिटांनी ती काय ओरबाडतेय ते लिहा. जे आणि जेवढं ती तोडते, तसंच तुम्ही हाताने तोडून पिशवीत टाका. मारवेल, पवन्या, बोरीचा पाला, हिवराच्या शेंगा, ऊसतोडीनंतरचं वाढं. नावं स्थानिकच लिहा आणि नंतर वनस्पतितज्ज्ञाकडून पक्की करा. नमुना वाळवून आधी कोरडं वजन, मग नायट्रोजन काढा. नायट्रोजनला ६.२५ ने गुणलं की कच्ची प्रथिनं.

कोरड्या वजनाचा हिशेब डोळे उघडतो. तीस किलोच्या मेंढीला दिवसाला साधारण एक किलो कोरडा चारा लागतो. श्रावणातल्या गवतात ८० टक्के पाणी असेल तर त्यासाठी पाच किलो ओलं गवत खावं लागेल. पावसात मेंढरं दिवसभर आडोशाला उभी राहिली तर रान हिरवंगार असूनही ती उपाशी राहतात. उन्हाळ्यात उलटं होतं. पोट कडब्याने आणि वाळल्या गवताने भरतं, पण प्रथिनं ७ टक्क्यांच्या खाली गेली की कोटीपोटातल्या, म्हणजे रवंथाच्या पहिल्या पोटातल्या जिवाणूंनाच नायट्रोजन पुरत नाही आणि चारा पचत नाही. मेंढपाळ बाभळीच्या शेंगा झोडपून देतात, त्यामागे हेच आहे. खनिज मिश्रण सुचवायचं झालं तर गाई-म्हशींचं मेंढीला देऊ नका. तांब्याची विषबाधा मेंढीला पटकन होते.

अचानक मरतूक झाली तर

पहिला प्रश्न एकच, ‘काल मेंढरं कुठं चारली, मामा?’ कोवळ्या लुसलुशीत गवतावर असतील तर आंत्रविषार. बाजरी-ज्वारी काढलेल्या रानात सांडलेलं धान्य खाल्लं असेल तर पोटातली आम्लता. पाण्याअभावी खुरटलेल्या ज्वारीच्या फुटव्यांवर असतील तर सायनाइडची विषबाधा. तिन्हींत जनावर तासाभरात किंवा रात्रीत जातं, आणि वाटेची नोंद नसेल तर प्रयोगशाळेला काय शोधायचं तेच कळत नाही.

नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठलेलं काळपट रक्त येत असेल तर शव उघडायचं नाही. ती फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स असू शकते. शव उघडलं की जिवाणू हवेच्या संपर्कात येऊन टणक बीजाणू बनवतात आणि ते त्या जमिनीत वर्षानुवर्षं राहतात. पशुधन विकास अधिकाऱ्यांना फोन करा, कळप तिथून हलवा, कुत्री लांब ठेवा. एका वाड्यावरून दुसऱ्यावर जाताना बुटांचे तळ जंतुनाशकाने धुवायचे, मरतूक असो वा नसो.

निकाल परत न्या

अंड्यांची मोजणी त्याच दिवशी होते, तर त्याच संध्याकाळी फोन करून सांगा: कोणत्या बिल्ल्याच्या मेंढीला औषध लागेल आणि कोणत्या नाही. वाडा घाट उतरला की फोनला रेंज नसते, म्हणून रक्ताचे अहवाल दिवाळीआधी हातात पडतील असं प्रयोगशाळेशी ठरवून घ्या.

सांसर्गिक गर्भपाताचा, म्हणजे ब्रुसेलाचा निकाल बाधित आला तर तो वाड्यावर चारचौघांत सांगू नका. लोक त्या घराची मेंढरं जवळ बसू देत नाहीत आणि विकत घेणारा भाव पाडतो. घरच्यांना बाजूला घेऊन सांगा. गाभडलेलं आणि वार उघड्या हाताने उचलायचं नाही, कुत्र्यांपुढे टाकायचं नाही, चुना घालून खोल पुरायचं. दूध उकळूनच प्यायचं. आणि घरात कुणाला ताप येऊन-जाऊन असेल, सांधे दुखत असतील, रात्री घाम फुटत असेल, तर दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांना ‘आम्ही मेंढरं राखतो’ हे न विचारता सांगायचं.